खांबरावांना सांगा

“काकांचं आज खांबाशी बोलणं नाय काय? माठाशी चाललंय मघापासून. भांडण झालं का खांबाशी?”

शिरगावची जानकी कोळीण मागच्या दारी बसून आईला विचारत होती. मी स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसले होते आणि ऐकत नसल्याचं सोंग करत होते. ते सोंग मला चांगलं जमतं.

“भांडण कसलं,” आई म्हणाली. “आज रविवार. रविवारी खांबाला सुट्टी असते.”

“असं होय,” जानकी म्हणाली आणि वाट्यावर दोन मांदेली जास्तीची टाकून उठली. तिचं समाधान झालं. पालघरात आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या बहुतेकांचं एवढ्यावर समाधान होत असे. घरात एक माणूस नऊ वर्षं खांबाशी का बोलतो, हे कोणी विचारलं नाही. रविवारी का बोलत नाही, एवढंच विचारलं.

हा माणूस म्हणजे माझे धाकटे काका. नाव यशवंत, पण सगळ्यांचे भाऊकाका. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटकुळे, खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा आणि खिशाला दोन पेनं, एक चालणारं आणि एक न चालणारं. न चालणारं कशाला, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “चालणारं थकलं तर सोबतीला नको का कोणी?”

आमच्या ओटीच्या मधोमध एक सागवानी खांब आहे. त्याचं नाव खांबराव. काकांना माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, काही सांगायचं असलं की ते खांबासमोर उभे राहत आणि म्हणत, “खांबराव, त्यांना सांगा, वखारीचं कुलूप गंजलंय.” अप्पा दोन हातांवर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. त्यांनी ऐकलेलं असे. पण त्यांची नजर वर येत नसे. मग आतून आई येई आणि म्हणे, “वखारीचं कुलूप गंजलंय म्हणतात.” अप्पा म्हणत, “तेल घालायला सांग.” आई वळून म्हणे, “तेल घाला म्हणतात.” काका खांबाला म्हणत, “खांबराव, त्यांना सांगा, तेल सकाळीच घातलंय.” की आई पुन्हा अप्पांकडे. तिघं एका चटईवर मावतील एवढ्या अंतरावर उभी असत आणि एका कुलपाला पाव तास लागे.

आईनं निरोप न्यायचे, आपलं काही घालायचं नाही, असा नियम होता. ती काढून मात्र टाकायची. अप्पा म्हणाले, “त्याला म्हणावं, अक्कल गहाण टाकलीस काय,” तर आई म्हणे, “जरा जपून करा म्हणतात.” हा गुण मी तिच्याकडूनच उचलला, हे मला फार उशिरा कळलं.

घरातल्या इतर वस्तूंनाही काकांनी कामं नेमून दिली होती. माठाबाईंच्या पोटात काही राहत नाही, त्या पाझरतात, म्हणून गावभर व्हावीशी वाटणारी गोष्ट त्यांच्या कानावर घालायची. भिंतीवरच्या घड्याळशेटना काही सांगायचं नाही, ते तासातासाला ओरडतात. खांबराव मात्र विश्वासाचे. दसऱ्याला काका त्यांच्या फटीत आपट्याचं पान खोचत आणि टोपी काढून म्हणत, “सोनं घ्या, खांबराव.” गंभीर काही बोलायचं असलं तरी टोपी काढत. अप्पांसाठी त्यांनी ती कधी काढल्याचं मी पाहिलं नाही. पण अप्पांनी त्यांच्याकडे पाहिल्याचं तरी मी कुठं पाहिलं होतं.

अप्पा वखारीत गेले की मात्र आई आणि काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून व्यवस्थित बोलत. बोंबलाचा भाव, मीठ, शेजारची म्हैस. अप्पांची चप्पल अंगणात वाजली की दोघं उठत. आई चुलीकडे, काका खांबाकडे. दोन्ही माणसं चोरी करून आल्यासारखी दिसत.

माझ्याशी ते थेट बोलत, पण इंग्रजीत. मी दहा वर्षांची असताना मूल नसलेल्या मामांनी मला मुंबईला नेलं आणि कॉन्व्हेंटमध्ये घातलं. इंटर होऊन मी परत आले तेव्हा अप्पांनी ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं की आमची सुमन इंग्रजीत विचार करते. मी फारसं बोलत नसे, त्याचं कारण लोकांनी हेच धरलं. काका रोज सकाळी मला विचारत, “सुमन, ऑल करेक्ट?” मी म्हणे, “ऑल करेक्ट, काका.” मग ते समाधानानं मान हलवत. घरातलं माझं हे सगळ्यात लांब संभाषण.

आमची वखार गवताची. डोंगराकडच्या गावांतून कापलेलं गवत यायचं, ते दाबून तारेनं बांधलं जायचं आणि गठ्ठे मुंबईच्या तबेल्यांना जायचे. काका तिथं मुकादमी करत. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते पक्कड घेऊन वखारीत शिरले आणि त्यांनी चाळीसेक गठ्ठ्यांच्या तारा तोडल्या. वारा होता. गवत स्टेशनापर्यंत उडालं आणि गावातल्या म्हशींनी दोन दिवस सण केला. घरी येऊन काका म्हणाले, “खांबराव, त्यांना सांगा, गवताला श्वास घेता येत नव्हता.”

अप्पा आईला म्हणाले, “त्याला सांग, उद्यापासून वखारीत पाय ठेवायचा नाही.”

ह्यातलं आईला काही काढून टाकता आलं नाही.

त्याच सुमारास तारापूरला अणुवीजकेंद्राचं काम सुरू झालं होतं. कुठून कुठून माणसं येत होती आणि बोईसर स्टेशनावर हिंदी ऐकू येऊ लागली होती. एका ठेकेदारानं काकांना टाइमकीपर म्हणून ठेवलं. मजूर त्यांना टाइमबाबू म्हणत. त्यांच्याबरोबर साताऱ्याकडचे एक पवार नावाचे फोरमन होते, ते एकदा घरी आले आणि अप्पांना म्हणाले, “माणूस सोन्यासारखा आहे बघा. फक्त हजेरी घेताना काँक्रीटच्या मिक्सरचंबी नाव पुकारतो. आमची काय तक्रार नाही. मिक्सर कधी खाडा करत नाही.”

पावणेदोन वर्षं बरी गेली. मग ठेकेदाराचं काम संपलं आणि काका घरी आले. आधी तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग एक दिवस उठले, दाढी केली आणि खांबासमोर जाऊन उभे राहिले. आम्हाला बरं वाटलं. खांबाशी बोलणं म्हणजे आमच्याकडे प्रकृती ठीक असल्याचं लक्षण होतं.

मी ओटीच्या दाराशी होते. काका म्हणाले, “खांबराव, आज कसं काय?” आणि थांबले. मान कलती करून ऐकत राहिले. मग म्हणाले, “नाही हो. असं कसं करता येईल?” पुन्हा थांबले. “नाही, तुमचं खरं आहे. तुमचं खरंच आहे.”

तोवर खांबराव फक्त ऐकत. त्या दिवसापासून ते बोलू लागले.

ते चांगलं बोलत नसत. पानावर बसलेले काका मधूनच हात आखडता घेत आणि आई काय झालं म्हणून विचारी, तेव्हा अप्पा समोर असतानाही तिला सरळ सांगत, “वहिनी, खांबराव म्हणतात, ह्या घरात माझं पान जास्तीचं आहे.” ते झोपेनात. खांबापासून दूर गेलं तरी त्याचा आवाज मागे येई. परसात, विहिरीवर, वाटेवर. ज्याला नऊ वर्षं मित्र मानलं, तोच आता त्यांना पानावरून उठवू लागला होता.

हे चालू असतानाच मला बघायला माणसं आली. मुलगा पुण्याचा, प्रकल्पावर इंजिनियर, राहायला कॉलनीतलं नळाचं पाणी असलेलं घर. काकांना मागच्या खोलीत बसवलं होतं. ते पोह्यांच्या बशा येताच बाहेर आले, टोपी काढली आणि खांबाला म्हणाले, “खांबराव, मुलाला विचारा, मुलगी बोलत नाही ते चालेल का. तिचा दोष नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही.”

मुलगा चांगला होता. तो खांबाकडे बघून हसला. त्याची आई हसली नाही. चार दिवसांनी निरोप आला की मुलगी पसंत आहे, पण घरात आणखी कोण राहतं ते एकदा स्पष्ट व्हावं.

अप्पांनी स्पष्ट करायचं ठरवलं. ते म्हणाले, “ठाण्याला.” आमच्या भागात कोणाच्या बाबतीत नुसतं ठाण्याला म्हटलं की कुठं ते विचारावं लागत नाही. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात सोडलेलं माणूस परत आल्याचं आम्ही तरी ऐकलं नव्हतं. वकिलांनी सांगितलं की आधी ह्या रोगाच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग कोर्टाचं बघू. माझ्याविषयी एक गोष्ट इथंच लिहून टाकते. अप्पा ठाण्याला म्हणाले तेव्हा मला धक्का बसला, पण त्याच क्षणी मला कॉलनीतला नळही दिसला.

बोईसरला एक धर्मादाय दवाखाना होता. तिथं दर गुरुवारी मुंबईहून ह्या रोगाच्या एक डॉक्टरीणबाई येत. थॉमसबाई. मल्याळी, ठेंगण्या, पायात रबराच्या चपला. त्यांना हिंदीतले तीन प्रश्न येत, नींद आया, भूक लगा, डर लगा. बाकी सगळं इंग्रजी. म्हणून मला नेलं. अप्पांना वाटलं, माझ्या शिक्षणाचा अखेर काही उपयोग झाला.

पहिल्या गुरुवारी आम्ही चौघं सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. मध्ये एकच स्टेशन, उमरोळी. काकांनी खिडकीतून त्या स्टेशनाला नमस्कार केला. बाईंच्या खोलीत सहा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. टेबल नव्हतं.

“टेबल नाही तर सही कशावर करणार ही?” अप्पांनी मला विचारलं.

बाई सही करणार नव्हत्या. त्यांनी काकांना गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, चार गुरुवार सगळ्यांनी यायचं. एकट्या रोग्यानं नाही, सगळ्या घरानं. घरात एकाला विषमज्वर झाला तर डॉक्टरनं विहिरीचं पाणीही तपासायला नको का, असं त्यांनी विचारलं. मी ते मराठीत सांगितलं.

“आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, सांग तिला,” अप्पा म्हणाले.

मग बाईंनी एकेकाला विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते?

अप्पा म्हणाले, “भीती कसली? नऊ वर्षं हे तमाशे बघतोय. कागद द्या म्हणावं आणि मोकळं करा. पोरीचं लग्न अडलंय.”

मी इंग्रजीत म्हटलं, “वडिलांना आपल्या भावाच्या प्रकृतीची फार काळजी वाटते.”

आई पदराशी चाळा करत बराच वेळ बोलली. “मी ह्या घरात आले तेव्हा माणूस होते. आता तारखात्याची तार झालेय. ह्या खांबावरून त्या खांबावर. मी मेले तर ह्या दोघांना एकमेकांना कळवताही यायचं नाही.”

मी इंग्रजीत म्हटलं, “आई जरा थकली आहे.”

बाईंनी वहीत लिहिता लिहिता वर पाहिलं. “तुझी माणसं एवढं बोलतात आणि माझ्यापर्यंत एवढंसंच कसं येतं?”

काकांना टाइमकीपरीपुरतं इंग्रजी येत होतं, हे मी विसरले होते. ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, “खुर्चीबाई, मुलगी गुणाची आहे. सगळ्यांचं बोलणं धुऊन, वाळवून, घडी घालून देते.”

बाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, खास काही नाही.

आम्ही निघताना बाईंनी एक काम दिलं. रोज एक वाक्य प्रत्येकानं प्रत्येकाशी थेट बोलायचं. मध्ये कोणी नको, खांब नको, बायको नको. आईला हे औषध ताबडतोब मानवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे पाठ करून बसली आणि म्हणाली, “मला डॉक्टरांनी मनाई केलीय.” त्यानंतर चार दिवस घरात कोणताच निरोप हलला नाही. आमटी अळणी झाली तर अप्पांनी ती तशीच खाल्ली. वखारीची किल्ली काकांना अंगणात सापडली, ती अप्पांच्या समोर बाकावर ठेवून ते उभे राहिले. अप्पांनी किल्लीकडे पाहिलं. काकांनी किल्लीकडे पाहिलं. मग काकांनी ती उचलून पुन्हा अंगणात, होती तिथं नेऊन ठेवली.

दुसऱ्या गुरुवारी बाईंनी विचारलं, किती वाक्यं झाली? मी म्हटलं, “प्रयत्न चालू आहे.”

पण गोळ्यांनी आपलं काम केलं. काकांना झोप लागू लागली. ते पुरतं जेवू लागले. अंगावर थोडं मांस चढलं. एका दुपारी मी पाहिलं, ते खांबाला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. मला पाहून म्हणाले, आणि ह्या वेळी मराठीत म्हणाले, “खांबरावांची प्रकृती बरी नाही. हल्ली बोलत नाहीत. गोळी मी घेतो आणि लागू त्यांना पडली.”

मी म्हटलं, “ते तुम्हाला वाईटसाईट बोलत होते ना, काका?”

“बोलत होते,” काका म्हणाले. “पण बोलत होते.”

मी आत निघून गेले. इथं मला काही बोलता आलं असतं, पण मला नेमकं कुठं थांबायचं ते कळतं, म्हणजे जिथं बोलायला हवं तिथं.

तिसऱ्या गुरुवारी थॉमसबाईंनी एक गोष्ट सांगितली. हा रोग कोणी लावत नाही, तो ह्यांच्या आतच होता, कदाचित तरुणपणापासून. त्यात ह्यांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. पण घर त्याला रोज थोडं जेवण घालतं किंवा घालत नाही. आणि मग त्यांनी विचारलं, हे बोलणं बंद कधी झालं? अप्पा म्हणाले, “त्याला विचारा. बंद त्यानं केलं.” काका खाली पाहत राहिले. मी भाषांतर केलं, “दोघांनाही आता आठवत नाही.”

मला आठवत होतं. मी तिथं होते.

नऊ वर्षांपूर्वी काकांना पहिल्यांदा असं झालं तेव्हा अप्पांनी डोंगराकडून एक भगत आणला होता. भगतानं सांगितलं, बंद जागा हवी. वखारीतल्या मागच्या खोलीत, गवताच्या गठ्ठ्यांमध्ये काकांना तीन दिवस कोंडलं आणि मिरच्यांची धुरी दिली. आम्हाला घरापर्यंत ठसका लागे. चौथ्या दिवशी काका बाहेर आले आणि ओटीवर चार माणसं बसली असताना म्हणाले, “दादा, तू मला गठ्ठ्यासारखं बांधून ठेवलंस.” थोरल्या भावाला चारचौघांत असं कोणी बोललं नव्हतं. अप्पा माझ्याकडे वळले. “सुमे, त्याला सांग, आजपासून माझ्याशी बोलायचं नाही.” काकांनी ते ऐकलंच होतं. तरी मी तीन पावलं चालत त्यांच्यापर्यंत गेले आणि शब्दन्‌शब्द सांगितलं. मला वाटलं, मी शहाण्यासारखं वागले. काकांनी तो हुकूम तेव्हापासून पाळला. लोक समजत की त्यांनी बोलणं सोडलं. त्यांनी एक आज्ञा मानली होती.

एवढंच असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते.

आठ दिवसांनी मामा मला न्यायला आले. दुपारची गाडी होती. अप्पा विहिरीपाशी दाढी करत होते, तोंडभर साबण. आरशातून नजर न काढता ते म्हणाले, “सुमे, काकाला सांग, मी चुकलो म्हणावं. दुपारी पानावर ये.” हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता, पुढंही नाही. बहुधा साबणामुळे तो बाहेर पडू शकला. मी वखारीपर्यंत गेले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि काका त्याच खोलीत, गठ्ठ्याला कपाळ टेकून, माझ्याकडे पाठ करून बसले होते. मिरचीचा वास अजून होता. माझे डोळे झोंबले. अंगात नवा फ्रॉक होता. मला त्यांची भीती वाटली. मी उंबऱ्याला हात लावून परत फिरले.

“सांगितलंस?” अप्पांनी विचारलं.

“सांगितलं,” मी म्हणाले.

दुपारी अप्पांनी शेजारी एक पान मांडायला लावलं आणि थांबले. मामा घड्याळ बघत होते. आमटी दोनदा गरम झाली. शेवटी ते पान अप्पांनी स्वतः उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मग आम्ही स्टेशनावर गेलो.

दर सुट्टीत मी घरी येई. सांगता आलं असतं. आधी भीती होती, मग लाज वाटू लागली आणि मग सवय झाली. तोवर ओटीवर खांबराव कामाला लागले होते.

चौथ्या गुरुवारी अप्पांनी वकिलाकडून आणलेला कागद छातीच्या खिशात घातला होता. थॉमसबाईंनी तो वाचला आणि सरळ सांगितलं. गोळ्या लागू पडल्या आहेत, त्या पुढं वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील. घरी राहिले तर ते बरे राहतील. पण कधी? त्यांच्याशी बोलणारं घर असेल तर. ज्या घराला ते नको आहेत त्या घरात गोळ्या फार दिवस पुरणार नाहीत. ठेवणार असाल तर मी हा कागद फाडते. नसाल तर सही करते. हे घरानं आज, ह्या खोलीत ठरवायचं.

मी हे सगळं मराठीत सांगितलं, काहीही न गाळता. मला वाटतं, तेवढं मी तोवर शिकले होते.

आई काकांकडे बघून रडू लागली. अप्पा छताकडे बघत होते. पहिल्यांदा बोलले ते काका. त्यांनी टोपी काढली आणि खुर्चीला म्हणाले, “खुर्चीबाई, त्यांना सांगा, सही करून घ्या. मला ठाणं काय आणि पालघर काय. मुलीचं अडतंय. तिला नळाचं घर मिळू दे.”

मी कॉलनीतल्या नळाबद्दल कोणाजवळही बोलले नव्हते. ह्या माणसानं माझ्याकडे पाहून तो ओळखला होता. घरात आणखी कोणी माझ्याकडे इतकं नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

अप्पांचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. ते बाईंकडे नाही, माझ्याकडे नाही, काकांकडेही थेट नाही, पण त्यांच्या गुडघ्यांकडे बघत बोलले. “मी एकदा वाकलो होतो. थोरला असून वाकलो. ह्या पोरीच्या हाती निरोप धाडला, पान मांडून बसलो. आला नाही. ज्यानं तेव्हा पाय टाकला नाही, त्याला मी आता हे घर तुझं आहे म्हणून किती दिवस धरून ठेवायचं?”

काकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाच राग नव्हता. हजेरीच्या वहीत एखादं नाव सापडत नसावं, तसे ते अप्पांकडे बघत राहिले.

“काय म्हणाले ते?” थॉमसबाईंनी मला विचारलं. त्यांचं पेन कागदावर होतं.

माझ्याकडे इंग्रजीतलं वाक्य तयार होतं. धुतलेलं, वाळवलेलं. वडिलांच्या मनात भावाविषयी एक जुनं दुःख आहे. ते म्हटलं असतं तर बाईंनी सही केली असती, आम्ही संध्याकाळच्या गाडीनं घरी गेलो असतो आणि उन्हाळ्यात माझं लग्न झालं असतं. कोणालाही कधी काही कळलं नसतं.

मी बाईंकडे पाठ केली. खुर्ची ओढून काकांच्या समोर घेतली. माझा आवाज मला अनोळखी वाटला, कारण तो मराठीत होता आणि मोठा होता.

“काका,” मी म्हणाले, “अप्पांनी त्या दिवशी तुम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी चुकलो असं त्याला सांग, असं म्हणाले होते. मी वखारीच्या दारापर्यंत आले होते. मी तुम्हाला सांगितलंच नाही.”